तक्त्यावर पेनाने वाढवलेली ओळ

सप्रेम नमस्कार,

मी विद्यापीठात नर्सिंग शिकवते. गेली नऊ वर्षं माझं संशोधन एकाच प्रश्नावर चाललं आहे: अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांचे बेडसोर, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, वेळेत कसे ओळखायचे. त्यातून एक साधा तक्ता तयार झाला. ड्युटी बदलताना सिस्टरनी रुग्णाच्या अंगावरच्या सहा जागा बघायच्या आणि खूण करायची, एवढंच. तीन रुग्णालयांनी तो घेतला. त्यातल्या एकाने वर्षभरात बंद केला. आता विद्यापीठाच्या संशोधन कक्षाचं पत्र आलं आहे: ‘आपल्या संशोधनाचा समाजावर झालेला प्रभाव पुराव्यासह तीन आठवड्यांत कळवावा.’ माझ्याकडे दाखवायला काय आहे? चार शोधनिबंध आणि मोजकी सायटेशन्स, म्हणजे इतरांच्या निबंधांतले उल्लेख. शेजारच्या केबिनमधल्या सहकाऱ्याचा एच-इंडेक्स माझ्या तिप्पट आहे. परवा एका वॉर्डात गेले, तर भिंतीवर माझा तक्ता दिसला. लॅमिनेशन सुटलेलं, कोपरा मुडपलेला आणि खाली कुणीतरी पेनाने आणखी एक ओळ वाढवलेली. मनाला जरा लागलंच. लोकांकडे जाऊन ‘माझ्या कामाचा तुम्हाला उपयोग झाला असं लिहून द्या’ म्हणायची लाज वाटते. स्वतःची पाठ स्वतःच थोपटून घेतल्यासारखं ते होईल. काय करू?

— एक प्राध्यापिका

मॅडम, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या पेनाने वाढवलेल्या ओळीपाशी थांबले. ओळीत काय लिहिलं होतं ते पत्रात नव्हतं, म्हणून ईमेल करून विचारलं. तुमचं उत्तर आलं: ‘कानामागे – नळी’. म्हणजे ऑक्सिजनची नळी कानावरून जाते तिथली कातडी सोलवटते, हे त्या वॉर्डातल्या कुणा सिस्टरच्या ध्यानात आलं. तुमच्या सहा जागांत ती जागा नव्हती. तिने त्यासाठी वेगळा कागद केला नाही, तुमच्याच तक्त्यात सातवी ओळ आखली. तुमच्या पत्रात नऊ वर्षांच्या कामाचा याहून भक्कम पुरावा मला दुसरा दिसला नाही. शोभेला लावलेल्या कागदात कुणी भर घालत नाही. जो रोज हाताळतो त्यालाच त्यातली उणीव टोचते आणि तोच ती भरून काढतो.

तेव्हा पहिलं काम हे करा. हेड सिस्टरची परवानगी घेऊन त्या तक्त्याचा फोटो काढा. एक पूर्ण तक्त्याचा, एक त्या ओळीचा जवळून. चौकटीत रुग्णाचं नाव, केस नंबर किंवा खाट क्रमांक येणार नाही हे बघा. फोटोच्या फाइलला तारीख आणि वॉर्डाचं नाव द्या. ही ओळ कोणी वाढवली, साधारण कधी आणि काय बघून, हे तिथेच विचारा आणि तिथेच लिहून घ्या. बहुतेक जण फोटो काढतात आणि विचारायचं विसरतात. मग वर्षभराने तो फोटो निव्वळ फोटो उरतो.

आता त्या लाजेबद्दल. ती मी समजू शकते, कारण विद्यापीठाच्या संशोधन कक्षात बारा वर्षं काम करताना ती अनेकांच्या चेहऱ्यावर पाहिली आहे, आणि ज्यांचं काम खरोखर लोकांच्या हाती पोचलेलं असतं त्यांनाच ती जास्त वाटते. पण तुम्ही प्रश्नच चुकीचा विचारायच्या बेतात आहात, म्हणून लाज वाटते आहे. ‘आमचा उपयोग झाला असं लिहून द्या’ हे प्रशस्तिपत्रक मागणं झालं. ते मागूही नका. ‘तक्ता येण्याआधी ड्युटी बदलताना तुम्ही काय करत होतात? आता काय करता? कधीपासून? यातलं काय जमत नाही?’ हे विचारा. हा प्रश्न तुम्ही संशोधक म्हणून एरवीही विचारलाच असतात. आलेलं उत्तर जपून ठेवणं म्हणजे नोंद. यात पाठ थोपटणं कुठे आलं?

शेजारच्या केबिनमधला एच-इंडेक्स मनातून काढा. हे मी समजूत घालायला म्हणत नाही. एच-इंडेक्स होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये मांडला, आणि तो एवढंच सांगतो की एखाद्याचे किती निबंध किती वेळा इतर निबंधांत उद्धृत झाले. नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातल्या निबंधांना सरासरी किती सायटेशन्स मिळतात तो आकडा, त्याहून जुना. युजीन गारफिल्ड यांनी तो वापरला तो आपल्या सायटेशन सूचीत कोणती नियतकालिकं घ्यायची हे ठरवायला. पुढे माणसंच त्याच्यावर जोखली जाऊ लागली, म्हणून २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला जमलेल्या संपादकांनी आणि प्रकाशकांनी जाहीरनामा काढून सांगितलं की नियतकालिकाच्या आकड्यावरून एखाद्या निबंधाची किंवा संशोधकाची प्रत ठरवू नका. सायटेशन म्हणजे संशोधकांनी संशोधकांशी केलेलं बोलणं. त्याला त्याचं मोल आहेच. पण रात्रपाळीची सिस्टर शोधनिबंध लिहीत नाही, त्यामुळे तिने तुमचं काम रोज वापरलं तरी तुमच्या सायटेशनमध्ये एकाचीही भर पडणार नाही. डाउनलोडचे आकडे आणि समाजमाध्यमांवरचे उल्लेखही तसेच. त्यांतून लोकांचं लक्ष गेलं एवढं कळतं, पुढे काय बदललं ते कळत नाही. संशोधन कक्षाला पाठवायच्या प्रपत्रात ते एका वाक्यात उरका.

मग प्रभाव म्हणजे नेमकं काय? संशोधन कक्षाच्या पत्रात व्याख्या दिलेली नाही, असं तुम्ही कळवलंत. अशा वेळी मी ब्रिटनकडे बघते, कारण त्यांनी हा प्रश्न सगळ्या विद्यापीठांना एकाच वेळी विचारला. तिथल्या रिसर्च एक्सलन्स फ्रेमवर्क या मूल्यमापनात २०१४ मध्ये पहिल्यांदा प्रभावाला २० टक्के वजन दिलं गेलं, २०२१ मध्ये ते २५ टक्के झालं. त्यांची व्याख्या साधी आहे: विद्यापीठाच्या कुंपणाबाहेर अर्थव्यवस्था, समाज, संस्कृती, धोरण, सेवा, आरोग्य, पर्यावरण किंवा राहणीमान यांत झालेला बदल किंवा फायदा. आणि मापायच्या गोष्टी दोनच, बदल किती दूरवर पोचला आणि किती खोल गेला. २०१४ मध्ये विद्यापीठांनी पाठवलेल्या प्रभावाच्या कहाण्यांपैकी ६,६७९ कहाण्या लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या अभ्यासकांनी वाचून काढल्या, तेव्हा संशोधनापासून प्रभावापर्यंत जाणाऱ्या ३,७०९ वेगवेगळ्या वाटा सापडल्या. मला हा आकडा फार धीर देतो. प्रभावाचा ठरलेला असा साचाच नाही, तेव्हा तुमचं काम साच्यात बसत नाही म्हणून खंत करायचं कारण नाही. तीन रुग्णालयं ही पोच लहान आहे. ती लहानच लिहा. पण रात्रपाळीच्या सिस्टरची रोजची सवय बदलली असेल, तर खोली लहान नाही.

तिथे कहाणी चार पानांत मांडायची होती आणि सोबत पडताळणीचे जास्तीत जास्त दहा पुरावे. तुम्हाला दहा लागणारही नाहीत. चार पुरे, पण ते एकमेकांपासून वेगळे हवेत. एक तो फोटो. दुसरा, रुग्णालयाचा कागद: तक्ता रोजच्या कामात घेतल्याचं परिपत्रक, बैठकीचं इतिवृत्त किंवा नव्या सिस्टरच्या प्रशिक्षणाची टिपणं. ही कागदपत्रं तुमच्यासाठी लिहिलेली नसतात, म्हणूनच त्यांना वजन असतं. तिसरा, हेड सिस्टरचं पत्र. चौथा म्हणजे आकडे, आणि त्यांच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

आधी पत्राचं सांगते. मसुदा तुम्ही लिहून ‘फक्त सही करा’ असं म्हणू नका. कितीतरी जण करतात. वाचणाऱ्याला पहिल्या परिच्छेदात कळतं, कारण वॉर्डातला माणूस ‘आंतरविद्याशाखीय’ असा शब्द लिहीत नाही. चार प्रश्न पाठवा आणि उत्तरं त्यांच्या शब्दांत येऊ द्या. लिहायला वेळ नसेल तर फोनवर बोला, त्यांचं बोलणं जसंच्या तसं उतरवा, त्यांना वाचून दाखवा आणि मग सही घ्या. त्यांत हा एक प्रश्न मात्र गाळू नका: ‘या बदलाला आमच्या तक्त्याखेरीज आणखी काय कारणं होती?’

आता आकडे. ईमेलमध्ये तुम्ही म्हणता बेडसोर कमी झाले. किती होते? तुमच्या उत्तरात हे नव्हतं, आणि बहुतेकांचा पाय इथेच अडकतो. आधीचा आकडा नसेल तर नंतरच्या आकड्याला अर्थ उरत नाही. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ होती आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून रुग्णांना तोंडाने द्यायचा निर्णय घेतला. त्या गर्दीत, चिखलात त्यांच्या चमूने मृत्यूंचा हिशेब ठेवला. आधी तीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांत चार टक्क्यांच्या खाली आलं. १९७३ मध्ये ते छापून आलं. लोक वाचले ते पाण्याने, पण त्या पाण्यावर इतर डॉक्टरांचा विश्वास बसायला हे दोन आकडे शेजारी शेजारी लागले. त्यातला पहिला नसता तर ‘आमच्याकडे फारसे दगावले नाहीत’ एवढंच सांगता आलं असतं.

रुग्णालयाच्या गुणवत्ता विभागाकडे किंवा मेट्रनच्या कार्यालयात दरमहा किती बेडसोर झाले याची नोंद असण्याची शक्यता बरीच आहे. ती एकत्रित आकड्यांच्या रूपात मागा, तक्ता यायच्या आधीच्या वर्षापासून. एकेका रुग्णाची केस फाइल चाळायला बसू नका. त्याला नैतिकता समितीची परवानगी लागेल आणि तीन आठवड्यांत ती मिळणार नाही. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. पहिल्या काही महिन्यांत आकडा वाढलेला दिसेल कदाचित. घाबरू नका. बघायला सुरुवात केली की आधी न दिसलेलं दिसू लागतं आणि नोंदी वाढतात. तसं झालं असेल तर ते लपवू नका, समजावून सांगा. तुमचा तक्ता वेळेत ओळखण्यासाठी आहे, तेव्हा पहिल्या पायरीवरच, नुसती लाली असताना, ओळखल्या गेलेल्या रुग्णांचं प्रमाण वाढलं का, हा तुमच्यासाठी जास्त खरा आकडा आहे.

आणि ते एअरबेड. दुसऱ्या रुग्णालयाने तुमचा तक्ता घेतला त्याच सुमारास नवे एअरबेडही घेतले, हे तुम्ही ईमेलच्या शेवटी, जाता जाता लिहिलं आहे. प्रपत्रात ते शेवटी टाकू नका. मधोमध लिहा. ‘बेडसोर आमच्यामुळे घटले’ असं म्हणायचा हक्क तुम्हाला नाही, कुणालाच नसतो. जॉन मेन या कॅनडातल्या मूल्यमापन-तज्ज्ञाने या अडचणीवर बरंच काम केलं. सगळं श्रेय सिद्ध करायच्या मागे न लागता आपला वाटा दाखवा, आणि दुसरी कारणं कोणती असू शकतात ती स्वतःच पुढे मांडून तपासा, असा त्यांचा आग्रह. तुमच्या बाबतीत हे तपासणं अवघड नाही. एअरबेड सगळ्या वॉर्डांत आले का? जिथे आले नाहीत आणि तक्ता मात्र होता, तिथे काय झालं? उत्तर तुमच्या विरोधात गेलं तरी ते लिहा. रुग्णाची जखम गादीने टळली की तक्त्याने, याचं खरं उत्तर पुढच्या रुग्णालयाला लागणार आहे. त्यांच्याकडे पैसे मोजकेच असणार.

ज्या रुग्णालयाने तक्ता बंद केला, त्याचा विषय तुम्ही एका वाक्यात संपवलात. तिथे फोन करा, अगदी याच आठवड्यात. ड्युटी बदलायच्या धांदलीत तक्ता भरायला वेळ पुरत नव्हता का? आग्रह धरणाऱ्या सिस्टरची बदली झाली का? की तीच नोंद दुसऱ्या रजिस्टरमध्येही करावी लागत होती? प्रपत्रात याला जागा नसेल, तरी तुमच्या वहीत असायला हवी. मी ज्या ज्या संशोधकांना सल्ला दिला त्यांच्यापैकी पुढे ज्यांचं काम पसरलं, ते सगळे कुठे काय फसलं हे तोंडपाठ सांगू शकत.

वहीचा विषय निघाला म्हणून माझी एक गोष्ट सांगते, अजून सलते ती. खूप वर्षांपूर्वी आमच्या गटाने एका कार्यालयाला अहवाल दिला होता. काही महिन्यांनी तिथल्या अधिकाऱ्यांचा फोन आला, ‘तुमच्या सातव्या तक्त्यावरून आम्ही नियम बदलला.’ मी उभ्याउभ्या बोलत होते. आनंद झाला, चहाच्या वेळी सगळ्यांना सांगितलं आणि विसरले. दोन वर्षांनी हेच प्रपत्र माझ्यापुढे आलं तेव्हा ते अधिकारी निवृत्त झाले होते, फाइल कुणाला सापडेना आणि नव्या साहेबांना आमचं नावही ठाऊक नव्हतं. तो रकाना मी कोरा पाठवला. त्या दिवशी ‘हेच जरा दोन ओळींत ईमेल कराल का?’ एवढं म्हणायचं सुचलं असतं तर!

म्हणून तीन आठवड्यांची ही घाई संपली की एक एक्सेलची फाइल उघडा. तारीख, कोण बोललं, काय घडलं, तुमच्या कोणत्या कामाशी त्याचा संबंध, पुरावा कुठे ठेवला आणि परत कधी विचारायचं. एवढे रकाने खूप झाले. विद्यापीठाने महागडी प्रणाली घेतली असली तरी ती भरायला तुमच्याकडे हेच लागणार आहे. आठवड्यातून पंधरा मिनिटं द्या. ज्या आठवड्यात काही नाही, त्या आठवड्यात काही लिहू नका. ईमेल आलं तर त्याची पीडीएफ करून ठेवा, कारण नोकरी बदलली की ईमेलचं खातं जातं. एखाद्या रुग्णालयाच्या संकेतस्थळावर तुमच्या तक्त्याचा उल्लेख दिसला तर ते पान इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये त्याच दिवशी जतन करा. संकेतस्थळं नव्याने बांधली जातात आणि जुनी पानं नाहीशी होतात. सगळ्यात महत्त्वाचा रकाना शेवटचा, परत कधी विचारायचं. आरोग्य-संशोधनात निष्कर्ष रोजच्या उपचारात उतरायला सरासरी १७ वर्षं लागतात, असा अंदाज वारंवार दिला जातो. ब्रिटनमध्येही २०१४ च्या मूल्यमापनात १९९३ पासूनचं संशोधन ग्राह्य धरलं होतं. तेव्हा सहा महिन्यांनी विचारा, दोन वर्षांनी विचारा, पाच वर्षांनी विचारा. तुमची नऊ वर्षं अजून मधली वर्षं आहेत.

एक शेवटचं काम राहिलं, आणि ते तुम्ही केलेलं नाही हे पाहून मला आश्चर्य वाटलं. तुमच्या चारही निबंधांना डीओआय, म्हणजे कायमचा ओळख-क्रमांक, आहे, तक्त्याला मात्र काहीच नाही. तो फोटोकॉपी होत, व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरतो आहे. ज्याला स्वतःची ओळख नाही त्याचा माग कसा काढणार? १९६६ मध्ये थॉमस ब्रॉक यांनी अमेरिकेतल्या येलोस्टोनच्या गरम झऱ्यांतून काही जिवाणू गोळा केले, १९६९ मध्ये हडसन फ्रीझ यांच्यासोबत त्यांतल्या एकाचं वर्णन छापलं आणि त्याचं कल्चर, म्हणजे जिवंत नमुना, अमेरिकन टाइप कल्चर कलेक्शन या संग्रहात जमा केलं. कुणालाही मागवता यावं म्हणून. कॅरी मलिस यांना १९८३ मध्ये पीसीआरची, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढायच्या तंत्राची, कल्पना सुचली, पुढे त्या तंत्राला उष्णतेत टिकणारं विकर (एन्झाइम) हवं होतं, आणि ते याच जिवाणूत मिळालं. जिवाणू आला तो त्या संग्रहातून. आज पीसीआर झऱ्यापर्यंत मागे नेता येतं, कारण ब्रॉक यांनी तो जिवाणू नाव-क्रमांकानिशी ठेवला होता.

तुमच्या तक्त्यासाठी झेनोडो हे संशोधनाच्या फाइली ठेवायचं ऑनलाइन भांडार आहे. सर्न ही युरोपातली अणुसंशोधन संस्था २०१३ पासून ते चालवते, पैसे पडत नाहीत. तिथे तक्ता चढवा, इतरांना अटींसह वापरू देणारा क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना निवडा, तुमचा ऑर्किड क्रमांक, म्हणजे संशोधक म्हणून तुमचा ओळख-क्रमांक, जोडा. डीओआय मिळेल, तो तक्त्याच्या तळाशी छापा आणि शेजारी एक ओळ घाला: ‘वापरत असाल किंवा बदल केला असेल तर कळवा’, खाली ईमेल. झेनोडोवर एकाच गोष्टीच्या पुढच्या आवृत्त्याही ठेवता येतात. आज जो सहा ओळींचा तक्ता आहे तो पहिली आवृत्ती म्हणून जाऊ द्या.

दुसरी आवृत्ती सात ओळींची करा. सातवी ओळ कोणत्या सिस्टरने वाढवली हे तोवर तुम्हाला कळलेलं असेल. त्यांची संमती घ्या, आणि त्यांचं नाव तुमच्या नावाशेजारी लिहा.